उतरणे ज्याला साधले : पाउल प्रॉइस

गाण्याच्या शिकवण्या करणाऱ्या माणसाने कडेकपारी चढणाऱ्याचे चरित्र लिहावयास घ्यावे, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. माझा स्वतःचा डोंगराशी संबंध म्हणाल तर वर्षाकाठी एकदा पावागडाच्या पायऱ्या चढाव्या, कालिकामातेचे दर्शन घ्यावे, माचीवर चहा प्यावा आणि गुडघे चोळीत बडोद्यास परत यावे, एवढाच. परंतु माझा एक जुना विद्यार्थी सुट्टी मिळाली की दोर खांद्यावर टाकून सह्याद्रीतल्या सुळक्यांकडे जातो. त्याने एकदा बोलता बोलता ऑस्ट्रियातील एका गिर्यारोहकाचा नियम मला सांगितला. नियम असा की, दोराचा आधार न घेता आणि चित्त शांत ठेवून माणसाला जेवढे उतरता येते तेवढेच त्याने चढावे. त्यापलीकडची चढण त्याची नव्हे. तो ऐकताच मला वडिलांची आठवण झाली, आणि त्या गिर्यारोहकाविषयी जे मिळेल ते मी वाचू लागलो.

वडील दरबारी गवयांपैकी. त्यांच्या तालमीचा एक शिरस्ता होता. तान घेऊन तार षड्जावर पोहोचलेल्या शिष्याला ते कधी शाबासकी देत नसत. तंबोऱ्याच्या तारा छेडीत ते स्वस्थ बसत आणि हा आता उतरतो कसा, एवढेच पाहत. उतरताना एखादा स्वर निसटला, दोन स्वर एकमेकांत कालवले गेले, किंवा घाईने उडी मारून षड्ज गाठला, तर ती तान त्याने घेतलीच नाही असे समजून दुसऱ्या दिवशी त्याला पंचमाच्या वर जाऊ देत नसत. लहानपणी मला हा जुलूम वाटे. डोंगराच्या बाबतीत हाच जुलूम एका माणसाने स्वतःवर आपण होऊन लादून घेतला, त्यासाठी युरोपभरच्या जाणत्यांशी वाद मांडला आणि अखेर वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी एका एकाकी सुळक्यावरून पडून तो मेला. त्याचे नाव पाउल प्रॉइस.

प्रॉइसचा जन्म १९ ऑगस्ट १८८६ रोजी ऑस्ट्रियातील आल्टाउसे या गावी झाला. सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली ते हेच साल, म्हणून आम्हा बडोदेकरांच्या ते सहज लक्षात राहावे. दुसरा योगायोग मला अधिक जवळचा वाटला. प्रॉइसचे वडील एडुआर्ड हे पेशाने संगीतशिक्षक होते. ते मूळचे हंगेरीकडील ज्यू घराण्यातले. आई कारोलिने आल्सास प्रांतातली. घरात पाउलच्या दोन बहिणी होत्या. त्यांतली मिना पुढे त्याच्याबरोबर डोंगर चढू लागली. आल्टाउसे हे गाव एका लहानशा तळ्याच्या काठी वसलेले आहे. सभोवार सूचिपर्णी वृक्षांची दाट राने, आणि तळ्याच्या पलीकडे ट्रिसेलवांड नावाचा चुनखडकाचा पांढरा कडा. डोळे उघडताच मुलाच्या दृष्टीस पडावा असा तो कडा होता.

पण मुलाच्या नशिबी त्या वेळी चालणेही नव्हते. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्याला पोलिओसारखा आजार झाला. अंगाचा काही भाग लुळा पडला आणि काही काळ तो चाकांच्या खुर्चीला खिळून राहिला. बऱ्याच काळाने हातापायांत शक्ती आली तेव्हा ती टिकवण्यासाठी व्यायाम आणि चालणे हेच औषध ठरले. वडिलांना झाडापाल्याचा नाद होता. ते मुलाला घेऊन रानातून हिंडत, वनस्पती ओळखावयास शिकवीत. प्रॉइसचा वनस्पतिशास्त्राकडे ओढा आणि डोंगराकडे ओढा, दोन्ही त्या फेरफटक्यांतून आले. तो दहा वर्षांचा असताना वडील वारले. त्यानंतर तो एकटाच रानात व टेकड्यांवर जाऊ लागला. पायांवर ज्याचा भरवसा एकदा उडालेला असतो, तो प्रत्येक पाऊल विचारून टाकतो. प्रॉइसच्या पुढच्या सर्व तत्त्वज्ञानाचे मूळ मला या आजारात दिसते. आपल्याला किती जमेल हे ठरवल्यावाचून पाऊल उचलायचे नाही, ही सवय त्याला सहाव्या वर्षी लागली असली पाहिजे.

शिक्षणासाठी तो व्हिएन्नाच्या विद्यापीठात व नंतर म्युनिकला गेला. विषय वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र. १९१२ साली म्युनिकमध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली. अभ्यासातून उरलेला सर्व वेळ डोंगरांत जाई. १९०८ साली प्लानश्पिट्झ या पर्वताची उत्तरेकडील भिंत तो एकटा चढला, तेव्हापासून जाणकारांमध्ये त्याचे नाव होऊ लागले. त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडणारे सांगतात की, त्याने सुमारे १२०० चढाया केल्या. त्यांतल्या ३०० एकट्याने, आणि १५० अशा वाटांनी, ज्यांवर त्याच्या आधी कोणी गेले नव्हते. हा सर्व पसारा मुख्यतः पाचसहा वर्षांतला आहे. स्वभावाने मात्र तो वैरागी नव्हता. गप्पिष्ट, विनोदी, मित्रांचा लोभी आणि उत्तम वक्ता असा हा तरुण होता. त्याची गिर्यारोहणावरील व्याख्याने ऐकावयास सभागृहे भरत.

त्याचे वेगळेपण कळण्यासाठी त्या काळी कडे कसे चढत, हे थोडे सांगितले पाहिजे. चढणारे तागाचा दोर कंबरेला बांधीत. पुढचा घसरला तर त्याला सावरण्याची साधने आजच्यासारखी नव्हती; दोर मागच्याच्या हातांत व खांद्यावरून असे. १९१०च्या आसपास या कलेत दोन वस्तू नव्याने आल्या. टिरोलचा वाटाड्या हान्स फीख्टल याने डोक्याला भोक असलेली पोलादी मेख प्रचारात आणली, आणि म्युनिकच्या ओटो हेरझोगने कडी. ही कडी त्याने आगीच्या बंबवाल्यांकडून उचलली असे सांगतात. खडकाच्या चिरेत मेख ठोकावी, तिला कडी अडकवावी, कडीतून दोर ओवावा. मग चढणारा निसटला तरी मेखेशी लटकून राही. एवढ्यावर थांबते तरी ठीक होते. पण पुढे त्याच मेखेला धरून वर जाणे, तिच्यावर दोर बांधून झोका घेत आडव्या भिंतीवरून पलीकडे पोहोचणे, असे प्रकार सुरू झाले. माणूस जिथे आपल्या हातापायांनी पोहोचू शकत नव्हता तिथे लोखंड त्याला पोहोचवू लागले.

याच्याही आधी, १९०६ साली, टीटा पिआझ या इटालियन भाषिक वाटाड्याने मिझुरिना तळ्याजवळचा दे आमिचिस नावाचा सुळका एका वेगळ्याच युक्तीने सर केला होता. शेजारच्या शिखरावर उभे राहून त्याने सुळक्याच्या माथ्यावर दोर फेकला, तो पक्का अडकल्यावर मधल्या दरीवरून दोराला लोंबकळत तो पलीकडे गेला. आपल्याकडे सिंहगडाच्या कड्यावर तानाजीने घोरपड लावल्याची कथा लहान मूलही जाणते. पिआझची युक्ती त्याच जातीची. तानाजीला गड घ्यावयाचा होता. तिथे घोरपड लावली यात कोणी उणे काढणार नाही. पण ज्याला गड घ्यावयाचा नाही, केवळ चढण्यासाठीच चढावयाचे आहे, त्याने घोरपड लावावी काय? प्रॉइसने विचारलेला प्रश्न थोडक्यात हाच होता.

तो प्रश्न त्याने शब्दांत मांडण्याच्या आधी कातळावर मांडला. १९११चा जुलै महिना त्याच्या चरित्रातला सर्वांत तेजस्वी काळ होय. २४ जुलैला कुफ्श्टाइनजवळच्या टोटेनकिर्शल या पर्वताची पश्चिम भिंत तो एकटा पावणेतीन तासांत चढून गेला. ही भिंत प्रथम चढणाऱ्यांत पिआझ होता, आणि तिचा लौकिक फार मोठा होता. त्यानंतर चारच दिवसांनी, २८ जुलैला, प्रॉइस ब्रेंता पर्वतातील काम्पानीले बास्सो या सुळक्यापाशी उभा होता.

या सुळक्याची ओळख थोडी सविस्तर करून दिली पाहिजे, कारण प्रॉइसचे नाव आजही त्याच्याशीच जोडले जाते. ब्रेंता हा प्रदेश त्या काळी ऑस्ट्रियाच्या राज्यात होता, आज तो इटलीत आहे. खोऱ्यांच्या तळाशी स्प्रूस व लार्च वृक्षांचे गर्द अरण्य. त्यातून वर आले की गवताळ कुरणे, मग दगडगोट्यांचे उतार, आणि त्या सर्वांच्या वर पिवळसर करड्या कातळाचे उभे मनोरे. काम्पानीले बास्सो या नावाचा अर्थ ठेंगणा घंटामनोरा. शेजारी याहून उंच भाऊ आहे म्हणून हा ठेंगणा. इटालियन संगीतात खर्जाच्या आवाजालाही हाच शब्द लावतात. पण समुद्रसपाटीपासून २८८३ मीटर उंचीचा माथा आणि सुमारे ३०० मीटर सरळ उभा खांब, त्याला ठेंगणा म्हणणे ही थट्टाच होय. १८९७ साली कार्लो गार्बारी, निनो पूली आणि अंतोनियो ताव्हेर्नारो हे तिघे शिखर हाताशी येईतो पोहोचले, पण शेवटची भिंत त्यांना गेली नाही. गार्बारीने तिथे एका बाटलीत चिठ्ठी ठेवली. ती वाचावयास येणाऱ्याला त्याने आपल्याहून अधिक भाग्याची इच्छा केली होती. दोन वर्षांनी, १८ ऑगस्ट १८९९ रोजी, इन्सब्रुकचे ओटो आम्फेरर आणि कार्ल बेर्गर माथ्यावर पोहोचले. त्यांची वाट सुळक्याला वळसे घालीत वर जाते.

प्रॉइसबरोबर त्या दिवशी बहीण मिना आणि मित्र पाउल रेली होते. हा रेली पुढे मिनाचा पती झाला. सुळक्याला वळसा घालणाऱ्या एका रुंद कंगोऱ्यावरून पूर्वेची भिंत थेट माथ्यापर्यंत जाते. सुमारे १२० मीटरांचा हा उभा पत्रा. त्यावरून कोणी गेलेले नव्हते आणि जाण्याचा विचारही कोणी मनात आणला नव्हता. प्रॉइसने तो न्याहाळला, सोबत्यांना थांबावयास सांगितले आणि तो एकटा निघाला. कंबरेला दोर नाही, जवळ मेख नाही. पायाखाली कंगोरा आणि कंगोऱ्याच्या खाली सगळी दरी. बोटांची पेरे मावतील एवढ्या खोबणी, आणि पुढची खोबण कोठे आहे हे हात वर जाईपर्यंत कळण्याचा मार्ग नाही. सुमारे दोन तासांनी तो माथ्यावर होता. मग जिथे बहीण आणि मित्र वाट पाहत होते, तिथे तो सुखरूप परत आला. आजही ती भिंत त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि तिच्यावर दोर लावून जाणारे कसलेले चढणारेसुद्धा तिथे जपून पाऊल टाकतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने डॉइच आल्पेनत्साइटुंग या नियतकालिकात चढाईतील कृत्रिम साधनांवर एक लेख लिहिला, आणि मोठा गदारोळ उठला. जर्मन भाषेत हा वाद आजही मेखांचा झगडा म्हणून ओळखला जातो. प्रॉइसने त्यात आणि पुढच्या उत्तरांत आपले म्हणणे नेमके करीत नेऊन सहा सूत्रांत बांधले. त्याचे सार असे. चढणाऱ्याने चढणीच्या बरोबरीचे असून भागत नाही, तिच्याहून सरस असावे लागते. दोराविना, शांत मनाने जे उतरता येते ती चढण्याची कमाल मर्यादा. कृत्रिम साधन हे अकस्मात संकट अंगावर आले तरच समर्थनीय. मेख ही अडीअडचणीची शिदोरी. तिच्यावर चढाईची पद्धत उभी करू नये. दोराने काम सोपे व्हावे, पण दोरावाचून जे होणारच नाही ते दोराने करू नये. आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे सूत्र सुरक्षिततेचे. सुरक्षितता हवीच, मात्र ती लोखंडाकडून उसनी घेतलेली नको, स्वतःच्या शक्तीचा खरा अंदाज घेऊन आलेली हवी.

हे शेवटचे सूत्र अनेकांनी नीट वाचले नाही असे मला वाटते. प्रॉइसला बेदरकार म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. परंतु बेदरकार माणूस आपली मर्यादा ओळखत नाही, आणि प्रॉइसचे सर्व शास्त्र मर्यादा ओळखण्याचे शास्त्र आहे. बहिणीबरोबर वा मित्राबरोबर चढताना तो दोर बांधी. एखादी चढण आज आपल्या आवाक्यातली नाही असे वाटले, तर तिथून मागे फिरणे त्याच्या नियमात बसत होते. मेख ठोकून पुढे जाणे बसत नव्हते.

विरोधकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. त्यांत पिआझ होता, कुफ्श्टाइनचा फ्रान्झ नीबर्ल होता. दोघेही आयुष्य कड्यांवर घालवलेले. त्यांचा रोख साधारण असा होता की, माणूस कितीही सरस असला तरी कातळ सरस असतोच असे नाही. हातात धरलेला दगड निखळतो, पाऊस येतो, वरून दरड सुटते. अशा वेळी एका मेखेने जीव वाचत असेल, तर तत्त्वासाठी जीव देणे हे शहाणपण नव्हे. घरी आईबाप आणि बायकामुले वाट पाहत असतात. जानेवारी १९१२मध्ये म्युनिक येथे या विषयावर सभा भरली व दोन्ही बाजूंनी खल झाला. कोणी कोणाचे मत फिरवू शकले नाही. मात्र वाद करणारे एकमेकांचे वैरी झाले नाहीत, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

संगीताच्या जगात वावरणाऱ्यांना हा झगडा परका वाटू नये. आपल्याकडे पेटीवरून असाच झगडा झाला. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले, ते १९७१पर्यंत बंद होते. पेटीचे सूर ठोकळ्यासारखे ठरलेले, त्यांत मींड नाही, श्रुती नाही, हे एका बाजूचे म्हणणे. पेटीवाचून आता मैफल कशी भरावयाची, हे दुसऱ्या बाजूचे. आमच्या वडिलांचा पेटीवर राग नव्हता. मैफलीत ती साथीला असावयाची. पण तालमीच्या खोलीत त्यांनी ती कधी येऊ दिली नाही. आधार म्हणून ती चालेल, वाट म्हणून चालणार नाही, असा त्यांचा विवेक. प्रॉइसचे दोराविषयीचे सूत्र वाचताना मला तो भेद प्रथम नीट कळला.

१९१२च्या उन्हाळ्यात या वादाला एक भयंकर प्रसंग जोडला गेला. माँ ब्लांच्या दक्षिण अंगाला पेतरे नावाची कड्यांची रांग आहे. तिथे प्रॉइसची हम्फ्री ओवेन जोन्स यांच्याशी सोबत पडली. जोन्स हे केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ व नामांकित गिर्यारोहक. त्याच महिन्याच्या आरंभी त्यांचे लग्न झाले होते. पत्नी म्यूरिएल याही विदुषी व चढणाऱ्या. १५ ऑगस्ट रोजी जोन्स दांपत्य आणि त्यांचा वाटाड्या यूलिउस ट्रुफर एका दोराला बांधून माँ रूज द पेतरे चढत होते. प्रॉइस दोराविना थोडा पुढे होता. ट्रुफरच्या हातातला दगड निखळला, तो जोन्सवर कोसळला, आणि एका दोराने बांधलेली तिन्ही माणसे प्रॉइसच्या डोळ्यांदेखत खालच्या हिमनदीवर गेली. त्या कड्यावरून परत खाली उतरला तो एकटा प्रॉइस.

या प्रसंगातून दोन्ही पक्षांना आपापला पुरावा काढता येईल. दगड निखळतो हे पिआझ आदींचे म्हणणे इथे खरे ठरले. सावरण्यासाठी असलेल्या दोरानेच एकाच्या मागे दोघांना ओढले, हे प्रॉइसच्या बाजूने म्हणता येईल. प्रॉइसने असा हिशेब मांडून विजयाचा आव आणल्याचे माझ्या वाचनात नाही. तो पुढेही चढत राहिला. १९१३ साली इटालियन मित्र उगो दी वाल्लेपियाना याच्या सोबतीने पेतरेच्याच रांगेतील एग्वी ब्लांश या शिखराच्या आग्नेय धारेवरून त्याने नवी वाट काढली. हिवाळ्यात बर्फावर घसरण्याच्या फळ्या, म्हणजे स्की, बांधून तो उंच शिखरे करी. त्या वर्षीच्या हिवाळ्यासाठी व्याख्यानांची आमंत्रणे होती. वय २७, डॉक्टरेट हाती, कीर्ती दारी.

डाखश्टाइन पर्वताच्या पश्चिमेला गोसाउकाम नावाची सुळक्यांची रांग आहे. खाली गोसाउचे तळे आणि चढत जाणारे रान, वर करवतीच्या दात्यांसारखे चुनखडकाचे सुळके. प्रॉइसच्या जन्मगावाहून हा प्रदेश फार दूर नाही. शरद ऋतू लागला होता. गुरे खाली गेलेली, राने निर्मनुष्य. ३ ऑक्टोबर १९१३ रोजी तो तिथल्या मांडलकोगल या सुळक्याच्या उत्तर धारेवर एकटा गेला. या धारेवरून तोवर कोणी चढले नव्हते. तो परतला नाही. काय झाले हे पाहणारे तिथे कोणी नव्हते. ३०० मीटरांहून अधिक खाली तो कोसळला होता. दरम्यान बर्फ पडला, आणि शोधणाऱ्यांना त्याचा देह काही दिवसांनी त्या ताज्या बर्फाखाली सापडला. आल्टाउसेच्या दफनभूमीत, बालपणी ज्या कड्याकडे तो पाहत असे त्याच्या परिसरात, त्याला मूठमाती देण्यात आली.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. प्रॉइसच्या पिढीतले अनेक चढणारे खंदकांत गेले. मेखा आणि झोक्याची युक्ती परिपूर्ण करणारा हान्स ड्यूलफर १९१५ साली आरासजवळ मारला गेला. तोही विशीतच होता. युद्धानंतर मेखांचे युग आले आणि प्रॉइसचे म्हणणे बाजूस पडले. त्यातच जर्मन भाषिक प्रदेशांत ज्यूद्वेषाचे वारे वाहू लागले. प्रॉइसने १९०९ साली प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला होता. पण वंश पाहणाऱ्यांना त्याचे काय? ज्यू बापाच्या मुलाला वीर म्हणून मिरवणे त्या काळात कोणाला नको होते, आणि त्याचे नाव हळूहळू पुसले गेले.

एका माणसाने मात्र ते पुसू दिले नाही. डोलोमाइट पर्वतातील वायोलेतच्या सुळक्यांखाली एक लहानशी निवाऱ्याची झोपडी आहे. तिला पाउल प्रॉइसचे नाव आहे, आणि ती उभारणारा टीटा पिआझ होता. ज्याने वादात प्रॉइसचे सूत्र नाकारले, त्यानेच त्याच्या नावाचे छप्पर डोंगरात घातले. मोठ्या माणसांचे मतभेद कसे असावेत याचा हा नमुना होय. पुढे राइनहोल्ड मेसनर या विख्यात गिर्यारोहकाने १९८६ साली प्रॉइसवर पुस्तक लिहिले, आणि नव्या पिढीला त्याची ओळख पुन्हा झाली.

आता उरतो तो प्रश्न, जो वाचकांच्या मनात केव्हाचा आला असेल. पडूनच मेला ना? मग त्याचा नियम खोटा ठरला की काय? या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले. पडण्याचे कारण कोणाला ठाऊक नाही. दगड निखळला असेल, पाय घसरला असेल, कदाचित त्या एका दिवशी त्याचा स्वतःविषयीचा अंदाज चुकलाही असेल. मला असे वाटते की, नियम पाळणारा मरत नाही असे त्या नियमाने कधी सांगितलेच नव्हते. आपल्या आवाक्याचा निवाडा आपणच करावयाचा, तो लोखंडावर सोपवावयाचा नाही, एवढेच त्याचे सांगणे. आणि असा निवाडा करणाऱ्याने चुकीचे मोलही आपणच द्यावयाचे असते. ते त्याने दिले. माझ्या त्या विद्यार्थ्याने उद्या दोर टाकून सुळका चढावा असे मी मुळीच म्हणणार नाही, आणि त्याच्या आईला हा लेख दाखवून भिवविणारही नाही. गाण्यात स्वर चुकला तर पुन्हा षड्जावर येता येते. तिथे येता येत नाही. पण चढण्याआधी उतरण्याचा विचार करण्याची जी शिस्त आहे, ती दोर बांधणाऱ्यालाही लागते. आपल्याकडे रायगडची हिरकणी घराघरांत सांगितली जाते. त्या कथेत कोणी चढत नाही. अंधारात, तान्ह्या लेकरासाठी, एक बाई कडा उतरते. आपल्या पूर्वजांनी बुरुजाला नाव दिले ते त्या उतरणारीचे.

शेवटी एक कबुली देणे प्राप्त आहे. माझ्या वर्गात पेटी पहिल्या दिवसापासून असते. एका तुकडीत पंधरा मुले, परीक्षेची तारीख ठरलेली, पालकांना निकाल हवा. पेटीवर बोट ठेवले की पंधराही जण त्या सुरावर येतात. दोन वर्षांपूर्वी माझी एक गुणी विद्यार्थिनी गणेशोत्सवात गावयास बसली. परीक्षेत तिला उत्तम गुण मिळालेले. ऐनवेळी पेटीवाल्यांना येता आले नाही. तंबोऱ्यावर तिने सुरुवात केली, हौसेने तार षड्जापर्यंत गेली, आणि तिथून तिला वाट सापडेना. दोनदा प्रयत्न करून ती थांबली. श्रोत्यांनी सांभाळून घेतले, पण तिचा चेहरा मी विसरलो नाही. तिचा त्यात दोष नव्हता. तिला वर मी नेले होते, आणि उतरावयास शिकवले नव्हते.

प्रॉइसची हकीकत वाचल्यापासून आठवड्यातून दोन सकाळी मी पेटीवर कापड टाकून ठेवतो आणि वडिलांचा तंबोरा काढतो. काही पालकांनी नापसंती दाखवली, दोन मुले दुसरीकडे गेली. ती मुलगी येते. परवा ती पंचमापर्यंत गेली, एकेक स्वर पायाखाली चाचपीत परत षड्जावर आली, आणि माझ्याकडे पाहू लागली. मी काही बोललो नाही, तारा छेडीत राहिलो. वरचे तीन स्वर अजून बाकी आहेत. ते तिचे तिने, उतरता येऊ लागले म्हणजे, घ्यावयाचे आहेत.